आवाज उठवा, शांतता राखा

मराठी शाळेच्या वर्गात शिरताना दाराच्या चौकटीवर बरेचदा ‘शांतता राखा’ लिहिलेलं असतं, आणि आत गेल्यावर मागच्या भिंतीवर ‘अन्यायाविरुद्ध आवाज उठवा’. दोन्ही एकाच पेंटरने, एकाच निळ्या ऑइलपेंटने रंगवलेलं. यातलं खरं कोणतं, हे मुलं पहिल्या आठवड्यातच ओळखतात. पहिली सूचना मोडली तर ओरडा बसतो. दुसरी मोडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाकीच्या भिंतीवर स्टेशनरीच्या दुकानातले तक्ते. थोर पुरुष, थोर स्त्रिया, क्रांतिकारक. एका तक्त्यात चोवीस-तीस चेहरे, प्रत्येकाखाली नाव. सामान्यज्ञानाच्या परीक्षेला ते बरे. चेहरा पाहून नाव सांगता येतं. पण माणूस नेमकं काय करत होता, त्याला कोण अडवत होतं, तो कुठल्या दिवशी घाबरला असेल, यातलं काहीच त्या चौकटीत मावत नाही. मुलाला त्यातून एवढंच कळतं की धाडस हा मेलेल्या, फेटा किंवा चष्मा घातलेल्या माणसांचा प्रांत आहे.

धाडस करा असं सांगणाऱ्या पोस्टरांचा इतिहासही फारसा बरा नाही. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा, १९३९ मध्ये, ब्रिटनच्या माहिती मंत्रालयाने लोकांचं मनोबल वाढवायला पोस्टरं छापली. त्यातल्या एकावर अशा अर्थाचा मजकूर होता की तुमचं धैर्य, तुमचा आनंदीपणा आणि तुमचा निर्धार आम्हाला विजय मिळवून देईल. लोकांना ते झोंबलं: धैर्य तुमचं आणि विजय आमचा, हे काय? त्याच मालिकेतलं ‘शांत राहा आणि चालू ठेवा’ (Keep Calm and Carry On) हे पोस्टर जवळजवळ २५ लाख छापून ठेवलं होतं. ते फारसं लागलंच नाही आणि पुढे त्यातल्या बहुतेक प्रतींचा लगदा झाला. आज कपांवर आणि टीशर्टांवर दिसतं ते हेच. वर्गातल्या भिंतीला मात्र या ‘तुम्ही-आम्ही’ची बाधा अजून आहे. मोठ्यांनी लिहायचं आणि मुलांनी शूर व्हायचं.

मुलांना विचार करायला लावणारं पोस्टर वेगळ्या पद्धतीने बांधावं लागतं. त्यात एक खराखुरा प्रसंग हवा, त्या प्रसंगातला न सुटलेला प्रश्न हवा, मुलांना लिहायला जागा हवी, आणि मुलांनी जे लिहिलं त्याला मोठ्या माणसाचं उत्तर हवं. शेवटची गोष्ट सगळ्यात महागाची, म्हणून तीच बहुधा गळते.

प्रसंगासाठी फार लांब जायला नको. महाड घ्या. पाठ्यपुस्तकात चवदार तळ्याचा सत्याग्रह एका परिच्छेदात उरकतो: २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो अनुयायांसह तळ्याचं पाणी प्राशन केलं. पण पोस्टरला लागणारा मजकूर या तारखेच्या आधी आणि नंतर आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर केला होता. सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना खुले. त्याला धरून जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं असल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर प्रश्न मिटला होता. त्यानंतर तीन वर्षं त्या तळ्यावर अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुणालाही पाणी भरता आलं नाही, आणि ठराव दप्तरात राहिला.

पोस्टरवर एवढंच यावं:

ठराव १९२४
पाणी १९२७
मध्ये काय झालं?

आंबेडकरांचं चित्र नको, तळ्याचंही नको. फारतर ओंजळीची बाह्यरेषा. चेहरा लागला की मुलं ‘ओळखीचं आहे’ म्हणून पुढे जातात; आकड्यांतली फट मात्र त्यांना थांबवते. सातवी-आठवीतली मुलं बेरीज-वजाबाकी करतात आणि मग कुणीतरी विचारतंच, की परवानगी होती तर पाणी प्यायला काय हरकत होती? हा प्रश्न मुलांकडून यायला हवा. शिक्षकाने तो पोस्टरवर लिहून ठेवला की मुलांना करायला काही उरत नाही.

मजकूर इतका कमी ठेवण्यामागे मापाचंही कारण आहे. चार्ट पेपर साधारण २२ बाय २८ इंचाचा असतो. वाचनाचा ढोबळ हिशेब असा की दर १० फुटांना अक्षराची उंची १ इंच धरावी. मागची भिंत पहिल्या बाकापासून २० फुटांवर असेल तर मुळाक्षर २ इंचांचं हवं. इंग्रजीचे नियम इथे जसेच्या तसे चालत नाहीत, कारण आपल्याला वर वेलांटी-मात्रा-रफार आणि खाली उकार आहेत. दोन्हीकडे पाऊण-पाऊण इंच सोडलं की ओळ साडेतीन इंचांची होते. दीड-दीड इंच समास सोडून १९ इंच रुंदी उरते; एका ओळीत दहा-अकरा अक्षरं, त्याहून जास्त नाही. तीन ओळींना साडेदहा इंच गेले. उरलेला खालचा अर्धा कागद रिकामा ठेवायचा. तो मुलांच्या चिठ्ठ्यांसाठी.

अक्षराची जाडीही बघावी. दोन इंची अक्षराला रेघ ८ मिलिमीटरच्या आसपास लागते. नेहमीच्या स्केचपेनने काढलेलं मोठं अक्षर जवळून छान दिसतं आणि पाचव्या बाकावरून नाहीसं होतं. चपट्या टोकाचा जाड मार्कर किंवा पोस्टर कलर आणि चपटा ब्रश घ्यावा. रंग काळा किंवा गडद निळा. पिवळा पांढऱ्यावर वाचताच येत नाही, आणि लाल-हिरव्यातला फरक ज्यांना दिसत नाही अशी एक-दोन मुलं बहुतेक मोठ्या वर्गात निघतात, तेव्हा ‘लाल अक्षरं वाचा’ या भरवशावर काही बांधू नये. शिरोरेषा शेवटी ओढावी. आधी रेषा ओढून अक्षरं तिला टांगत गेलं की ओळीतलं शेवटचं अक्षर हमखास कडेला चेपतं, आणि मग मुलं प्रश्न सोडून त्या अक्षरावर हसत बसतात.

आता टांगणं. शिपाई शिडीवर चढून सात फुटांवर खिळा ठोकतो, कारण तिथे मुलांचे हात पोचत नाहीत. म्हणजे तक्ता फाटत नाही आणि वाचलाही जात नाही. अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कागदाचा मध्य जमिनीपासून चार-सव्वाचार फुटांवर यावा. पहिली-दुसरीची मुलं सतरंजीवर बसत असतील तर आणखी फूटभर खाली. सेलोटेपने डिस्टेंपरचे पोपडे निघतात आणि उन्हाळ्यात टेप सुटते. कणकेच्या खळीला कसर आणि झुरळं लागतात. पूर्वी तिच्यात मोरचूद घालत, पण ते विष आहे, शाळेत नकोच. कोकणात जूनपासून कागद दमट होऊन कडांनी वळतो, त्याला वर-खाली नकाशासारख्या लाकडी पट्ट्या हव्यात. बाकी ठिकाणी दोन खिळ्यांमध्ये ताणलेली सुतळी आणि कपडे वाळत घालायचे चिमटे पुरतात. पंखा डोक्यावर असेल तर खालीही एक सुतळी. लॅमिनेशन करू नये. खिडकीचा उजेड त्यावर चकाकतो, आणि मुख्य म्हणजे त्यावर लिहिता येत नाही. फ्लेक्सबद्दल काय बोलावं! फ्लेक्स टिकतो, हीच त्याची अडचण. दहा वर्षं तोच मजकूर, कोपऱ्यात देणगीदाराचा हसरा फोटो.

भिंत भरून टाकण्याचा मोह टाळावा. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये बालवाडीच्या २४ मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. सहा धडे, तीन सजवलेल्या वर्गात आणि तीन मोकळ्या भिंतींच्या वर्गात. मोकळ्या वर्गात मुलांची बरोबर उत्तरं ५५ टक्के आली, सजवलेल्या वर्गात ४२ टक्के. मुलं लहान होती आणि प्रयोग छोटा, तेव्हा त्यावरून आठवीच्या वर्गाचा कायदा करायला नको. तरी फळ्याची भिंत मोकळी ठेवावी आणि बाकी सगळं मिळून तीनच्या वर जाऊ देऊ नये, एवढं त्यातून घेता येतं. तपासणीला साहेब येणार म्हणून आदल्या दिवशी वीस तक्ते लावणाऱ्या शाळेला हे पटणार नाही, पण त्या तक्त्यांचा वाचक साहेबच असतो.

पोस्टर लागल्यावर पहिला तास कसा न्यायचा? एका ए-फोर कागदाच्या सहा चिठ्ठ्या होतात, साधारण १० सेंटिमीटर चौरस. ४० मुलांना सात कागद. सगळ्यांना सारखा कागद आणि शक्यतो सारखंच निळं पेन, कारण कोणाची चिठ्ठी ते शाईवरूनही ओळखू येतं. तीन मिनिटं नुसतं पाहायचं, गप्प. मग चार मिनिटं लिहायचं: काय दिसतं, काय वाटतं, काय विचारावंसं वाटतं. नाव लिहायचं नाही. त्यानंतर बोलायचं. हा क्रम उलटा केला की पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा एक वाक्य बोलतो आणि उरलेल्या एकोणचाळीस चिठ्ठ्यांवर तेच वाक्य येतं. दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे अक्षर सुंदर असलेल्या तीन मुलींकडे सगळं लेखन सोपवणं. तक्ता देखणा होतो आणि वर्गातले बाकीचे प्रेक्षक होतात. चिठ्ठी प्रत्येकाची, त्याच्याच अक्षरात, शुद्धलेखन न तपासता लावायची. ‘पाणि’ असं लिहिलं असेल तर असू दे. तो तास भाषेचा नाही.

महाडच्या पोस्टराला एक पथ्य कसोशीने पाळावं लागतं. वर्गातल्या दलित मुलांकडे वळून ‘तुमच्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल?’ असं कधीही विचारू नये. एका वाक्यात त्या मुलाची जात चाळीस जणांसमोर मांडली जाते, आणि आपण नेमकं कशाविरुद्ध शिकवतोय याचा विसर पडतो. ‘तू अडवणारा, तू पिणारा’ असं नाटकही बसवू नये. दुपारच्या सुट्टीत ते चालूच राहतं आणि वेगळ्याच वळणावर जातं. प्रश्न नेहमी गावाबद्दल विचारावा. १९२४ ते १९२७ मध्ये महाडमधल्या नगरसेवकाला काय करता आलं असतं? शिक्षकाला? तळ्याशेजारच्या दुकानदाराला? सातवीतल्या मुलीला? ही नावं चिठ्ठ्यांवर लिहून वाटली की प्रत्येकाला अशा माणसाच्या जागी उभं राहावं लागतं ज्याने थेट काही वाईट केलं नाही, पण काही केलंही नाही. मुलांना सगळ्यात जास्त बोलतं करणारा भाग हाच असतो.

मग पुढचे तुकडे एकेक करून लावायचे, आठवड्याला दोन. ज्या परिषदेत हा सत्याग्रह घडला, ती महाडला भरवण्यासाठी धडपडणारे रामचंद्र बाबाजी मोरे. सोबत उभे राहिलेले नगराध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे, दोघेही सवर्ण. पाणी प्यायल्यावर वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची उठलेली अफवा आणि परिषदेला आलेल्यांवर झालेला हल्ला. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेणं. डिसेंबरातली दुसरी परिषद, तिच्या तोंडावर आलेला कोर्टाचा मनाई हुकूम, आणि मुलांना हमखास भांडायला लावणारा प्रश्न: हजारो माणसं जमलेली असताना हुकूम मोडून पुन्हा पाणी प्यायचं की कोर्टाच्या निकालाची वाट पाहायची? परिषदेने वाट पाहायचं ठरवलं. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आला १७ मार्च १९३७ ला. इथे वर्ग दोन तट पाडून बोलतो. वाट पाहणं हा भित्रेपणा की आणखी काही, याचं उत्तर शिक्षकाने देऊ नये, जिभेवर आलं तरी.

एवढं झालं की कागदाच्या अगदी तळाशी शेवटची ओळ जोडायची: आपल्या शाळेत कागदावर काय आहे आणि प्रत्यक्षात काय नाही? शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, मैदान, ग्रंथालय, अडथळ्याविना प्रवेश, कुंपण यांची यादी आहे. ती यादी शेजारी लावावी. इथपर्यंत आलेली मुलं ‘देश बदलायला हवा’ असं मोघम लिहीत नाहीत. कडी तुटलेली, नळ बंद, पुस्तकांच्या कपाटाला कायम कुलूप, रॅम्पवर मोडकी बाकं रचलेली, असं लिहितात.

चिठ्ठ्या लावण्याआधी शिक्षकाने त्या एकट्याने वाचायच्या. यात हयगय नको. चाळिसातल्या एखादीत असं काही निघू शकतं जे भिंतीवर जाता कामा नये: घरातली मारहाण, कुणाचा नकोसा स्पर्श, मैत्रिणीचं ठरलेलं लग्न. लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घालून गप्प बसणं पुरत नाही. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक वर्गात मोठ्या आकड्यांत लिहिलेला हवाच, आणि तो पोस्टर बदललं तरी काढायचा नाही. चिठ्ठीत कुणा मुलाचं किंवा शिक्षकाचं नाव असेल तर तीही लावायची नाही. ती बाजूला ठेवून त्यावर वेगळं बोलायचं.

दुसरं पोस्टर याहून साधं, आणि रोजच्या कामाचं. १९६८ मध्ये लाताने आणि डार्ली या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत फॉर्म भरायला बसवलं आणि भिंतीतून धूर सोडला. एकटा बसलेल्यांपैकी ७५ टक्के बाहेर येऊन सांगून गेले. सोबत दोघं जण ढिम्म बसून राहिले की हा आकडा १० टक्क्यांवर आला. ही माणसं वाईट नव्हती. शेजारचा हलत नाही म्हणजे काही विशेष नसेल, असं त्यांनी धरलं. वर्गात एखाद्याच्या डब्यावरून, रंगावरून, बोलीवरून चिडवाचिडवी चालते तेव्हा बाकीच्या तीस जणांचं नेमकं हेच होतं. ‘अन्याय सहन करू नका’ ही ओळ त्यांच्या उपयोगाची नाही, कारण अन्याय त्यांच्यावर चाललेला नसतो, आणि तोंड उघडून म्हणायचं काय हेच सुचत नाही.

म्हणून त्या पोस्टरवर म्हणायची वाक्यं असावीत, चार-पाच, तोंडात बसतील अशी. ‘बस झालं आता.’ ‘चल, तू माझ्याशेजारी बस.’ ‘मला यात हसायला काही दिसत नाही.’ ‘मॅडमना सांगायला मी येतो तुझ्यासोबत.’ ही वाक्यं मुलांकडूनच काढून घ्यावीत आणि ती त्यांच्या बोलीत लिहावीत. सिंधुदुर्गातल्या वर्गात ‘तेका कित्याक चिडवतंस?’ हे जितकं सहज तोंडातून निघेल तितकं ‘कृपया त्याला चिडवू नकोस’ कधीही निघणार नाही. वऱ्हाडात ‘काहून चिडवतं त्याले?’ पुरतं. शिवाय सगळ्यांना समोर उभं राहून बोलता येत नाही. जाऊन शेजारी बसणं, नंतर विचारणं, मोठ्यांना सांगणं हेही त्या यादीत हवं, आणि ‘चुगली’ या शब्दाचा बंदोबस्त वर्गात आधी करावा लागतो. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगणं आणि कुणाची सुटका व्हावी म्हणून सांगणं, असा भेद मुलांना चटकन कळतो. मोठेच तो विसरतात.

तिसऱ्या पोस्टरसाठी मुक्ता साळवे. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली मुलगी. १८५५ मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. वेदांवर ब्राह्मणांचाच हक्क असेल तर आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात विचारला आहे. डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या बायकांच्या हालांबद्दल लिहिलं आहे. वर्गासाठी यातली मोलाची गोष्ट ही की हे लिहिणारी व्यक्ती विद्यार्थिनी होती आणि तिने शाळेत जो लेखनप्रकार शिकतात, म्हणजे निबंध, तोच वापरला. मूळ निबंध मिळवून त्यातला एक उतारा त्या काळच्या भाषेसह लावावा. समाजमाध्यमांवर फिरणारी, तिच्या तोंडी घातलेली चटपटीत वाक्यं उचलू नयेत. कुठल्याही थोर व्यक्तीच्या नावाने अवतरण लावण्याआधी ‘हे कुठे छापलंय?’ हे मुलांनाच शोधायला लावलं तर तेही त्या विषयातलंच शिक्षण आहे.

तीन आठवड्यांनी पोस्टर उतरवावं. त्यानंतर ते दिसेनासं होतं, भिंतीवर असलं तरी. लावतानाच कोपऱ्यात काढण्याची तारीख लिहावी. मधल्या काळात चिठ्ठ्यांच्या उजवीकडे एक उभी पट्टी उत्तरांसाठी ठेवायची आणि मुख्याध्यापकांनी तिथे स्वतःच्या हाताने, तारखेसह लिहायचं. ‘कडी बसवली.’ ‘नळासाठी ग्रामपंचायतीला पत्र दिलं, जावक क्रमांक अमुक.’ ‘ग्रंथालयाचं कपाट आठवड्यातून दोनदा उघडू, चावी आठवीच्या वर्गाकडे.’ ‘मैदान होणार नाही, कारण जागा शाळेच्या नावावर नाही.’ नकाराला मुलांची हरकत नसते, कारण दिलेलं असलं की. पट्टी कोरी राहिली तर मात्र पुढच्या पोस्टरखाली चिठ्ठ्या कमी येतात, आणि येतात त्यावर ‘छान’, ‘प्रेरणादायी’ असं काहीतरी लिहिलेलं असतं.

मुख्याध्यापकांच्या हाताबाहेरच्या चिठ्ठ्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत न्यायच्या. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे नळाचा प्रश्न तिथे लवकर पेटतो. चिठ्ठ्या तोंडी सांगू नयेत, तशाच्या तशा टेबलावर ठेवाव्यात. आणि इतिवृत्तात विषय ‘विद्यार्थ्यांची सूचना, इयत्ता सातवी’ असाच नोंदवून घ्यावा, नाहीतर ‘इतर विषय’ या सदरात तो जातो आणि पुढच्या बैठकीत त्याचं काय झालं हे विचारायला कुणाचंच नाव त्यापुढे नसतं.